'मिल'मध्ये काय दळतात?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सोलापूरच्या बोलण्यात रुळलेल्या परक्या शब्दांवर जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. लेखकाने शब्द पुष्कळ जमवले आहेत आणि त्यांची भाषाही प्रसन्न आहे. मात्र त्यातील दोन विधाने चुकीची आहेत. पहिले असे की, 'मिल' हा शब्द हिंदीतील 'मिलना' या क्रियापदापासून आला, कारण सोलापूरच्या मिलमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एकत्र मिळून काम करीत. दुसरे असे की, ज्वारी-बाजरीला 'मिलेट' हे नाव ती धान्ये मिलमध्ये दळली जातात म्हणून पडले. पहिले विधान ऐकायला इतके गोड आहे की ते खोटे आहे हे सांगताना मलाच थोडे वाईट वाटते. परंतु ज्या व्युत्पत्ती गोड असतात त्याच भराभर पसरतात, म्हणून हे पत्र.

मी सोलापुरातील एका शाळेत चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी, आठवीच्या वर्गात शब्दार्थ लिहून देताना मी फळ्यावर 'मिल म्हणजे गिरणी' असे लिहिले. मिलच्या चाळीत राहणारा एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गिरणीत दळण दळतात. मग आमचे वडील मिलमध्ये जातात, तिथं काय दळतात?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "शब्दकोशात आहे तसे लिहून घे" असे सांगून त्याला खाली बसवले. प्रश्न अगदी बरोबर होता आणि उत्तर मला येत नव्हते, एवढाच त्या हसण्याचा अर्थ होता. पुढे हाताशी चांगले कोश आले, निवृत्तीनंतर वेळही मिळाला, आणि त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर मी माझ्यापुरते शोधून ठेवले. आपल्या लेखामुळे ते आता आपल्या वाचकांपुढे मांडण्याची संधी मिळत आहे.

इंग्रजीतील 'मिल' हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या जन्माआधी कित्येक शतके त्या भाषेत होता. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'मिलेन' असे होते, आणि ते उत्तरकालीन लॅटिनमधील 'मोलिना' या शब्दावरून आलेले आहे. लॅटिनमध्ये 'मोला' म्हणजे जात्याची तळी आणि 'मोलेरे' म्हणजे दळणे. रोमन लोकांची पाण्यावर चालणारी जाती उत्तर युरोपात गेली तसा वस्तूबरोबर शब्दही गेला. म्हणूनच फ्रेंचांचे 'मूलँ', डचांचे 'मोलन', जर्मनांचे 'म्यूले' आणि इंग्रजांचे 'मिल' ही एकाच घरातील भावंडे आहेत. इंग्रजीच्या मूळ रूपातील शेवटचा 'न' कालांतराने गळाला, पण 'मिल्नर' या आडनावात तो अजून टिकून आहे. (हा 'न' पाहून कोणी पुन्हा 'मिलना'कडे वळू नये.) आडनावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ आदराने वाचले त्या जॉन स्टुअर्ट मिलच्या आडनावात हाच शब्द आहे, आणि ऋग्वेदाची आवृत्ती काढणाऱ्या ज्या मॅक्स म्युलरला आपल्याकडील पंडितांनी 'मोक्षमुल्लर' करून टाकले, त्याच्या आडनावाचा सरळ अर्थ 'गिरणीवाला' असा होतो.

तेव्हा मूळ अर्थ दळण्याचाच. मग सूत काततात आणि कापड विणतात त्या जागेला दळण्याचे नाव कसे मिळाले? त्या मुलाचा खरा प्रश्न हा होता, आणि त्याचे उत्तर जात्यात सापडत नाही, ते जाते फिरवणाऱ्या चाकात सापडते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ओढ्याकाठी, नदीकाठी पाणचक्क्या असत. १०८६ साली तेथील राजाने देशाची जी मोजदाद करवली, तिच्यात अशा साडेपाच हजारांहून अधिक चक्क्यांची नोंद आहे. पाण्याच्या वेगाने एक मोठे लाकडी चाक फिरे, त्याच्या आसाला जात्याची तळी जोडलेली असे आणि धान्य दळले जाई. हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की याच चाकाकडून दुसरीही कामे करवून घेता येतील. आसाला लाकडी हातोडे जोडले की लोकरीचे विणलेले कापड पाण्यात कुटून घट्ट करता येते. करवत जोडली की लाकूड चिरता येते. भाता जोडला की लोहाराची भट्टी फुलवता येते. जात्याची तळी निघून गेली, चाक राहिले आणि चाकाबरोबर नावही राहिले. लोकरीचे कापड कुटणारी ती 'फुलिंग मिल' बाराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये दिसते. याचा अर्थ असा की, 'मिल' या शब्दाचा कापडाशी संबंध जुळला तो कापूस इंग्लंडला नीट ठाऊक होण्यापूर्वीच. पुढे १७७१ साली रिचर्ड आर्कराइटने डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड येथे पाण्यावर चालणारी सूतकताईची यंत्रे बसवली, आणि त्या इमारतीला लोकांनी सवयीने 'कॉटन मिल' म्हटले. मग वाफेचे इंजिन आले आणि पाण्याचे चाकही गेले. दगड आधीच गेला होता, आता पाणी गेले. मागे उरला तो एकाच शक्तीवर अनेक यंत्रे फिरवणाऱ्या जागेसाठीचा शब्द.

त्याच स्थितीत हा शब्द आपल्याकडे पोहोचला. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८७७ साली सोलापुरात 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' सुरू झाली. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा आणखी मिली उभ्या राहिल्यावर हिला आपोआप 'जुनी मिल' हे नाव पडले. सोलापुरात पाण्याच्या जोरावर चाक फिरवील अशी नदी नाही. येथे कोळसा होता, धुराडे होते आणि पहाटे गाव जागे करणारा भोंगा होता. 'मिल' या शब्दाचा येथील अर्थ पहिल्या दिवसापासून वाफेचाच राहिला. त्यामुळे चाळीतल्या मुलाला दळण आणि मिल यांचा संबंध दिसू नये यात नवल ते काय?

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, आणि तिच्यासाठी आपल्या अंकातील थोडी अधिक जागा मी मागतो. इंग्रजीने जात्याच्या नावाला वाढवत वाढवत कारखान्यापर्यंत नेले. मराठीने बरोबर याच्या उलट केले. आपला 'जाते' हा शब्द संस्कृत 'यंत्र' या शब्दापासून आला आहे. 'यात्रा'ची 'जत्रा' होते (गड्ड्याच्या जत्रेला जाणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळे सांगायला नको), तसा आरंभीच्या 'य'चा 'ज' झाला. 'दंत'चा 'दात' होतो, तसा अनुस्वार जाऊन स्वर दीर्घ झाला. प्राकृतातील 'जंत'वरून मराठीत 'जाते' तयार झाले. उत्तरेकडच्या बोलींत 'जाँता' आहे तो हाच. ज्या काळात घरात दुसरे यंत्रच नव्हते, त्या काळी घरातल्या एकुलत्या एका यंत्राला लोकांनी नुसते 'यंत्र' म्हटले. विहिरीला 'पाणी' म्हणावे किंवा बैलाला नुसते 'जनावर' म्हणावे, तसाच हा प्रकार आहे.

आमच्या घरी आजीचे जाते माजघराच्या कोपऱ्यात होते. त्याचा लाकडी खुंटा इतका गुळगुळीत झाला होता की अंधारातही हाताला लागताच ओळखू येई. आजी पहाटे मांडी पसरून बसे, उजव्या हाताने खुंटा ओढी आणि डाव्या हाताने मूठमूठ ज्वारी जात्याच्या तोंडात टाकी. मधल्या भोकातून दाणे खाली जात आणि दोन तळ्यांच्या कडेने पीठ गोल पडत राही. वर्षातून एकदोनदा टाकी लावणारा दारावर येई आणि छिन्नी-हातोडीने तळीला नव्याने टवके पाडून जाई, नाहीतर जाते नुसते फिरते, दळत नाही. त्याच घराच्या मागच्या गल्लीत माग होते आणि त्यांची खटखट जात्याच्या घरघरीत मिसळे. त्या मागांना आम्ही 'यंत्रमाग' म्हणत होतो. म्हणजे माजघरात 'यंत्र' झिजून 'जाते' झालेले आणि मागच्या गल्लीत तेच 'यंत्र' पुन्हा संस्कृतातून कोरे करकरीत आणून मागाच्या पुढे बसवलेले! आजीला हे कोणी सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला नसता; मलाही ते कळायला साठी गाठावी लागली.

चाकाचा अर्थ शब्दात किती खोल असतो हे पाहायला सोलापूरकराने फार लांब जाण्याची गरज नाही. पूर्व भागातील आमचे तेलुगूभाषक शेजारी जात्याला 'तिरगली' म्हणतात आणि तेलुगूत 'तिरुगु' म्हणजे फिरणे. 'चक्की' या शब्दात तर 'चक्र' सरळ दिसतेच. 'गिरणी' हा शब्द मात्र मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांनी वाटून घेतला आहे. कन्नडमध्ये पिठाच्या गिरणीला 'हिट्टिन गिरणी' म्हणतात आणि तेलंगणातून आलेली मंडळी 'पिंडी गिर्नी' म्हणतात. अलीकडे घरोघरी जी विजेवरची लहान चक्की आली आहे, तिच्या 'घरघंटी' या नावाचा अर्थ विचारला असता माझ्या नातवाने "ती घंटेसारखी वाजते म्हणून" असे उत्तर दिले. वास्तविक 'घंटी' हा गुजरातीत जात्यासाठीचा शब्द आहे आणि 'घरघंटी' म्हणजे घरचे जाते, याहून जास्त काही नाही. ज्याची भाषा माहीत नाही त्या शब्दाला आपण आपल्या भाषेतील जवळचा आवाज चिकटवतो. माझ्या नातवाने 'घंटी'चे जे केले तेच आपल्या लेखकमहोदयांनी 'मिल'चे केले आहे.

'मिल' हा शब्द काढून टाकून सर्वत्र 'गिरणी' लिहावे, अशी सूचना लेखाच्या शेवटी केली आहे. तिच्याशीही मी सहमत नाही, आणि त्याचे कारण भाषाभिमानाचा अभाव हे नाही. सोलापूरने या शब्दांची अतिशय काटेकोर वाटणी केलेली आहे. कताई-विणाई एकाच आवारात करणारी ती मिल. सहकारी तत्त्वावर नुसते सूत काढणारी ती सूतगिरणी. दळण दळते ती गिरणी. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग जिथे चालतात तो कारखाना, आणि त्याचा मालक कारखानदार. यातील एक नाव दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, ऐकणारा बावचळतो. 'गिरणीत कामाला होते' असे म्हटले तर आमच्याकडील म्हातारी माणसे "पिठाच्या?" असे विचारतील. मुंबईत 'गिरणगाव' आणि 'गिरणी कामगार' हे शब्द जनमानसात रुजले, ते तेथे शोभतात; येथे 'जुनी मिल' हे केवळ इमारतीचे वर्णन उरलेले नाही, तो पत्ता झालेला आहे. शिवाय 'मिल' मराठीत आल्यावर तिने निमूटपणे स्त्रीलिंग स्वीकारले, 'जुनी' हे विशेषण घेतले, 'मिलमध्ये', 'मिलवर', 'मिलची' असे प्रत्यय लावून घेतले. दीडशे वर्षे घरात नांदलेल्या सुनेला आता माहेरी धाडण्यात काय हशील?

याच जिल्ह्यात 'मिल' या शब्दाचा आणखी एक अर्थ रोज वापरात आहे आणि तो मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा आहे. उत्तर प्रदेशात ज्याला 'चीनी मिल' म्हणतात त्याला आपण 'साखर कारखाना' म्हणतो. पण त्या कारखान्याच्या आत गेलात तर 'मिल' भेटतेच. उसाचे तुकडे ज्या दातेरी रोलरांच्या मधून पिळून निघतात, तेवढ्या संचाला तेथील कामगार 'मिल' म्हणतात, आणि 'मिल फिटर', 'मिल फोरमन' ही पदे त्यावरूनच आली. बाहेरच्या फलकावर कारखाना आणि आत, दोन जड गोल वस्तूंच्या मध्ये काही चिरडले जाते तेथे, मिल. एम.आय.डी.सी.तील वर्कशॉपमध्ये 'मिलिंग मशीन' असते. तेथे कापणारे दातेरी चाक फिरते आणि लोखंड तासले जाते, दळले काहीच जात नाही. नाण्याच्या कडेला ज्या बारीक खाचा असतात त्यांनाही इंग्रजीत 'मिलिंग' म्हणतात. इंग्लंडमध्ये १६६२ पासून नाणी हातोड्याने ठोकण्याऐवजी नियमितपणे यंत्रावर पाडू लागले, त्या यंत्राला 'मिल' म्हणत. आणि कडेला खाचा असल्या म्हणजे नाण्याची कड कातरून चांदी चोरणाऱ्याची चोरी लगेच उघडी पडे.

ट्रेडमिलची गोष्ट मात्र मी थोडी सावकाश सांगतो, कारण सकाळी जिममध्ये जाणाऱ्या माझ्या मित्रांनी ती वाचावी अशी इच्छा आहे. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास हे यंत्र बनवले ते तुरुंगातील कैद्यांसाठी. आडव्या आसावर फिरणारे, रुंद पायऱ्यांचे एक मोठे चाक. कैद्यांनी त्याच्या पायऱ्या चढत राहायच्या, चाक खाली फिरत राहायचे आणि माणूस तासन्तास चढूनही जेथल्या तेथेच. काही तुरुंगांत या चाकाला जाते जोडलेले असे आणि कैद्यांच्या पायांनी खरोखरच धान्य दळले जाई, म्हणून ती 'मिल'. पुष्कळ ठिकाणी मात्र चाक कशालाच जोडलेले नसे, नुसती शिक्षा. ब्रिटिश संसदेने १८९८ च्या कायद्यानंतर ती पद्धत मोडीत काढली. त्याच नावाच्या पट्ट्यावर धावण्यासाठी आज आपण महिन्याची फी आगाऊ भरतो.

या शब्दाच्या नातेवाइकांपैकी दोन आपल्या वाचकांना दैनंदिन व्यवहारात भेटतात. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर 'इमॉल्युमेंट्स' असा एक भारदस्त शब्द असतो. लॅटिनमधील 'मोलेरे'शीच तो जोडला जातो आणि त्याचा मूळ अर्थ बहुधा 'दळून देण्याबद्दल गिरणीवाल्याला मिळणारा मोबदला' असा होता. मराठीत त्याला फार उत्तम शब्द आहे: दळणावळ. चौतीस वर्षे मुलांपुढे तेच ते दळण दळल्याबद्दल सरकार मला दरमहा जी रक्कम देते तिला दळणावळ म्हणायला माझी काहीच हरकत नाही. ('इमॉल्युमेंट'मधील 'मोल' आणि आपले 'मोल' यांचा मात्र संबंध नाही, आपले 'मोल' संस्कृत 'मूल्य'पासून आले आहे. मोह होतो, म्हणून सांगितले.) दुसरा शब्द गंभीर आहे. आत्मदहनाच्या बातमीत इंग्रजी वर्तमानपत्रे 'सेल्फ-इमोलेशन' असे लिहितात. रोममध्ये यज्ञपशूच्या अंगावर मीठ घातलेले भरड पीठ शिंपडत, त्याला 'मोला साल्सा' म्हणत आणि ते व्हेस्टा देवीच्या कुमारिका पुजारिणी तयार करीत. हे पीठ शिंपडणे म्हणजे 'इमोलेट' करणे. त्या शब्दात आग कोठेच नव्हती. शिंपडण्यावरून बळी देणे आणि बळी देण्यावरून जाळून घेणे, असा त्याचा प्रवास झाला. दातांचे डॉक्टर दाढेला 'मोलर' म्हणतात त्यातही जातेच आहे, पण ते आता कोणालाही सांगावे लागणार नाही.

आता 'मिलेट'कडे वळतो. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. फ्रेंच 'मिल' या धान्यनामाचे ते लघुत्वदर्शक रूप आहे आणि त्याच्यामागे लॅटिनमधील 'मिलियम' हा शब्द आहे. रोमन शेतकरी या धान्याला हे नाव देत होते तेव्हा इंग्रजीतील 'मिल' अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे 'मिलमध्ये दळले म्हणून मिलेट' हा क्रम कालदृष्ट्या जमत नाही. काही व्युत्पत्तिकार 'मिलियम' आणि 'मोलेरे' हे दोन्ही शब्द अतिप्राचीन अशा एकाच 'चिरडणे'वाचक धातूपर्यंत नेतात. ते मान्य केले तरी दोघे चुलत भाऊ ठरतील, बाप-लेक नव्हेत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे तृणधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून हा शब्द आमच्याकडे दुकानांच्या पाट्यांवर, बिस्किटांच्या पुड्यांवर आणि शाळांच्या भित्तिपत्रकांवर आला. ज्वारीला इंग्रजीत 'ग्रेट मिलेट' असेही एक नाव आहे. मंगळवेढ्याच्या ज्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या जिल्ह्याला तिची ओळख 'मिलेट' म्हणून करून द्यावी लागते, ही गंमतच म्हणायची. आणि शब्दात दळणे शोधायचेच असेल तर ते आपल्या 'भरडधान्य' या शब्दात आयते आहे. 'भरडणे' म्हणजे जाडसर दळणे हे कोणत्याही सुगरणीला ठाऊक असते.

आवाजाच्या साम्याने फसवणारे आणखी काही शब्द आहेत. 'मिलिमीटर', 'मिलेनियम' आणि 'मिलियन' यांतील 'मिल' लॅटिनमधील 'हजार' या अर्थाच्या 'मिल्ले'वरून आला; अमेरिकेत डॉलरच्या हजाराव्या भागालाही 'मिल' म्हणतात, त्याचे मूळ हेच. त्याचा जात्याशी काहीही संबंध नाही. शाळेतील 'मिड-डे मील'मधला 'मील' हा मुळात 'ठरलेली वेळ, माप' या अर्थाचा शब्द असून तो आपल्या 'माप'चा दूरचा आप्त आहे. शेतकरी डाळिंबाला घालतात त्या 'बोनमील'मधला 'मील' मात्र पिठाचा, म्हणजेच 'मिल'च्या नात्यातला. दोन्हींचे स्पेलिंग एक, उच्चार एक आणि कूळ वेगळे. अशा जोड्या पाहिल्या म्हणजे नुसत्या आवाजावरून कूळ सांगण्याचे धाडस माणूस करीत नाही. मी स्वतः ते पूर्वी अनेकदा केले आहे, वर्गात आणि आत्मविश्वासाने.

'मिलना'विषयी शेवटचे एक. आपल्या लेखकांनी जे सांगितले त्यातील वस्तुस्थिती खोटी नाही. मिलच्या फाटकातून चार भाषा बोलणारी माणसे एका भोंग्यावर आत जात होती, एकाच जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या खात होती आणि 'बदली', 'पाळी', 'खाते' हे शब्द एकमेकांना देत-घेत होती, हे मी माझ्या लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. ती हकीकत जरूर लिहावी. फक्त ती शब्दाची व्युत्पत्ती म्हणून लिहू नये.

माझी विनंती एवढीच की, या दोन्ही विधानांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, शक्यतो त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. 'मिलेट'बद्दलची दुरुस्ती तर टाळूच नये. बुधवारी संध्याकाळी फिरायला जाताना आमच्या भागातील एका शाळेच्या काचेच्या फलकात आपल्या लेखाचे कात्रण लावलेले मी पाहिले. 'मिलमध्ये दळतात म्हणून मिलेट' या ओळीखाली कोणीतरी लाल पेनने दोनदा रेघ ओढली होती आणि दोन मुली ती ओळ वहीत उतरवून घेत होत्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
सोलापूर